भुरी

पहिल्यांदा वाटलं, पोदेराच्या सायकलवरून
पीठ उडालं असेल.
दिवाडीत पावाचा भोंपू वाजतो त्या वेळी
सगळंच थोडं पांढरं असतं,
धुकं, खाडी, माझ्या मिशा.
बोटानं पुसलं. गेलं.
तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच,
पानाच्या वरच्या अंगाला,
न्हाऊ घातलेल्या पोराला पावडर थापावी तसं.

फेरीबोटीतून पान नेलं, वहीत दाबून.
पणजीच्या दुकानातल्या मुलानं उलटंपालटं केलं,
म्हणाला, भुरी.
वीजखात्यात आम्ही म्हणायचो तसंच,
मान वर न करता: मीटर जळला.
मग सांगू लागला,
धो धो पाऊस हिला सोसत नाही,
हिला लागते सावली, दमट गर्दी,
न हललेली हवा.
"वेल कुठं चढवलाय?"
कुंपणाच्या भिंतीवर.
"दाट आहे?"
मी सुट्टे पैसे मोजत राहिलो.

दाट होता. मीच होऊ दिला होता.
सात वर्षांपूर्वी मोजणीवाला साखळी ओढून गेला
आणि वीतभर जमीन एर्मेलिंदच्या बाजूला निघाली.
त्याच वर्षी नाशिकहून आणलेली काडी
भिंतीपाशी खोचली मी.
द्राक्षं येवोत न येवोत,
तिची खिडकी दिसू नये.

आता स्टुलावर, हातात कात्री.
रोगट पान पिशवीत, पिशवीला गाठ.
घोसाभोवतीची पानं आधी,
मग त्यांच्यामागची, मग आणखी मागची.
आत उजेड आला,
उजेडामागून वारा,
वाऱ्यानं हललेला एक निळा पडदा,
आणि कढईत सुंगटं परतणारी एर्मेलिंद.

कालथा हवेतच.
"कितें करता?"
सात वर्षांनी पहिला शब्द काढायचा
तर माझ्या तोंडून काय निघावं?
"भुरी."
तिनं केसांवरून हात फिरवला.
खरंच, पिकले होते सगळे.
मला कळेपर्यंत खिडकी बंद.

गंधक लिटराला दोन ग्रॅम,
ऊन चढायच्या आत. चढल्यावर मारलं तर
पान करपतं.
वास भिंतीपलीकडे गेला असणार,
कारण आठव्या दिवशी खिडकी उघडली ती रागानं:
"तें वखद पुरो! दूद मार, दूद.
एक वाटी दूद, णव वाट्यो उदक, वतांत."
आणि भिंतीवर एक पातेली ठेवली,
वर बशी झाकून.

मारलं दूध. गंधकही मारलं, तिला न सांगता.
कशानं उतरली कोण जाणे,
मला वाटतं वाऱ्यानं.

मार्चमध्ये चार घोस.
एक बुलबुलांनी खाल्ला,
एकाचे मणी भुरीनं आधीच तडकवले होते.
उरल्यातला एक त्याच पातेलीत घालून
भिंतीवर ठेवला.
"आंबट," पलीकडून आलं.
आंबटच होता.

वीतभर जमीन अजून तिचीच आहे.
आज सकाळी तिनंच हाक मारून दाखवलं:
तिच्या बाजूला, खाली,
दोन पानं पुन्हा पांढरी.
कात्री कुठं ठेवली मी?