सातवा खटका

वाल्गाच्या ग्रंथालयात दर मंगळवारी चौघं येतात,
तिघं शाळकरी, आणि हेल्वे.
बाहेर चार वाजताच अंधार, पायरीवर बर्फाचा चिखल.
मी काळ्या पडद्यावर लिहितो: आरएएक्स, आरडीआय, आरएसआय…
मुलं जांभया देतात.
हेल्वे विचारते, "एकूण किती?"
सोळा.
"आमच्या केबिनमध्येही सोळाच खटके."

चौतीस वर्षं तिने सांधे बदलले,
रीगाची गाडी इकडे, तार्तूची तिकडे.
मग तालिनमधल्या कुठल्याशा खोलीतून
कुणीतरी माऊसने बदलू लागलं.
केबिनला कुलूप. तिला एक भिंतीवरचं घड्याळ.

म्हणून तिला समजवावं लागत नाही
की यंत्राला "साधारण तसं कर" म्हणता येत नाही.
आधी हा खटका, मगच तो.
"क्रम चुकला की माणसं मरतात," ती म्हणते,
आणि राइमोची जांभई अर्ध्यावरच मिटते.

तिने पहिलं वाक्य लिहिलं, तिच्या भाषेत:
गाडी पोचली.
अक्षरं बोटांवर मोजली, मधली मोकळी जागा धरून अकरा.
पडद्यावर शेवटचं अक्षर गायब.
नागमोडी टोपी घातलेला त्यांचा तो ओ
आत दोन घरं अडवून बसतो,
हे सांगायचं मी विसरलो होतो.
"लांब डबा," ती म्हणाली, आणि बारा केलं.

गाडी पोचली.
आणि लगेच खाली: सेगमेंटेशन फॉल्ट.

मी तोंड उघडणार, तर तिने हात वर केला,
लाल झेंडी धरावी तसा.
बराच वेळ बघत राहिली.
"थांब म्हणून कोणी सांगितलंच नाही तिला.
स्टेशन गेलं, रूळ संपले,
तरी ती आपली चाललीय शेतातून.
थांबवायचा आकडा काय?"
साठ.
"मलाही साठाव्या वर्षीच," एवढंच म्हणाली.

जाताना एक अंक मागे ठेवायचा, मी सांगितलं.
शून्य म्हणजे सगळं ठीक.
दुसरा कुठला असेल तर काहीतरी सांगायचं राहिलंय.
पण तो कोणी विचारला तरच कळतो.

आठ वाजता सगळे गेले. दिवे मालवत फिरताना
तिचा पडदा उघडाच दिसला.
गाडी पोचली. त्याखाली काही नाही.
मी उभ्याउभ्याच विचारलं: एको, डॉलर, प्रश्नचिन्ह.
सात.

कोटाची बटणं लावताना आठवलं,
सातवा खटका थंडीत अडायचा,
कंबर लावल्याशिवाय हलत नसे,
असं ती कधीतरी म्हणाली होती.
चालताना अजून डावीकडे झुकते.