पासवर्ड

रविवारी अकरा माणसं.
बारावा एफी मॅकॅस्किलचा कोट, शेवटच्या बाकावर;
ती स्वतः तळघरातल्या स्वयंपाकघरात, सूप राखत.
बाकांना सवय दोनशे जणांची,
लाकूड अजून बसल्या बसल्या जागी खोलगट आहे.

मी इथला किल्ल्या सांभाळणारा,
झाडणारा, बर्फ उपसणारा, बॉयलरशी भांडणारा.
पगार नाही, म्हणून बोलायला भीत नाही.

केप ब्रेटनच्या या टोकाला
आधी खाण मिटली, मग मासळी, मग बस.
मोबाइलचा मनोरा डोंगरापलीकडेच दमला.
वायफाय काय तो चर्चमध्ये,
साथीच्या वर्षी बसवलेला,
उपासना घरोघर पोचावी म्हणून.

आता सोमवार ते शनिवार
अंधार पडला की मागच्या आवारात गाड्या लागतात.
इंजिन चालू, दिवे बंद,
काचेआड निळसर चेहरे.

सभेत विषय निघाला. इतिवृत्त मीच लिहितो:
"बाहेरची पोरं. आपलं बिल."
मर्डो खजिनदार म्हणाला, महिन्याला ब्याण्णव डॉलर,
आणि पोरं बघतात काय, हे तर विचारूच नका.
कोणी विचारलं नाही.
पासवर्ड बदला, एवढंच कोणी तरी म्हणालं.

पासवर्ड म्हणजे डॉली गिलिस.
सलग, मध्ये जागा न सोडता, पुढे जन्मसाल.
बेचाळीस वर्षं ऑर्गन वाजवला तिने,
आणि यंत्र बसलं त्याच आठवड्यात गेली,
तेव्हा दुसरं काही कोणाला सुचलं नाही.
कबरीच्या दगडावर तिच्या आडनावात एक एल कमी आहे;
कारागिराने पैसे परत दिले, अक्षर दिलं नाही.
पोरं मात्र दोन्ही एल टाकतात,
नाहीतर दार उघडत नाही.

जानेवारीत एकदा फावडं घेऊन गेलो, दटावायलाच.
पहिल्या काचेवर टकटक केली.
आत केझाया, रॉरीची धाकटी,
हातातल्या पडद्यावर तिची आई,
अल्बर्टातल्या तेलाच्या छावणीत, नारिंगी जाकिटात.
"लॉकी? अजून तूच झाडतोस होय?"
मी टोपी काढली. का, ते सांगता येणार नाही.
दुसऱ्या गाडीत एक जण नोकरीचा अर्ज भरत होता,
'अनुभव' या रकान्यापाशी अडलेला.
तिसऱ्यात दोघं, कोणी तरी जिन्यावरून पडतं
ते पुन्हा पुन्हा लावून खिदळत.
चौथीत मी बघितलं नाही.

पुढच्या सभेत मतं मोजायची वेळ आली,
तेवढ्यात एफी डाव हातात घेऊन वर आली.
"सूप उरलंय," म्हणाली. "कोणाला देऊ?"
मर्डो म्हणाला, हा विषय वेगळा आहे.
ती म्हणाली, असेल, पण गार होतंय.
इतिवृत्तात मी लिहिलं: पुढच्या सभेवर.
त्याला आता तीन सभा झाल्या.

कागदी पेले काचेतून आत जातात.
काच अर्धीच उतरते,
कानातलं कोणी काढत नाही.
रविवारी त्यातलं कोणी आत आलं, असं म्हणणार नाही;
आलेलं नाही.
पाळकबाई पंधरवड्याने येतात,
चार गावांची चार चर्चं एकाच गाडीत घेऊन.
त्या विचारतात, मंडळी कशी आहे?
मी म्हणतो, कुठली?

हजेरीवहीत पेनाने: अकरा.
खाली पेन्सिलीने: आवारात, सात गाड्या.
मर्डो खोडतो. पेन्सिल माझ्या खिशात असते.

रात्री सगळे दिवे मालवतो,
व्यासपीठामागचा तो हिरवा ठिपका सोडून.
मग बर्फ पडतो.
सकाळी मागे जाऊन बघावं
तर पांढऱ्यात सात काळ्या चौकटी,
उशिरापर्यंत कोण कुठे बसलं होतं त्या.
तेवढी जागा
मला उपसावी लागत नाही.