चौथा अर्ज

प्रति, मा. अध्यक्ष, अभ्यास मंडळ.
विषय : विषयच. नवा. चार श्रेयांकांचा.
वापरणाऱ्याच्या अनुभवाची रचना,
किंवा भारदस्त वाटत असेल तर यूएक्स डिझाइन.
संदर्भ : माझेच तीन अर्ज,
त्यातला एक चहाच्या कपाचा गोल घेऊन परत आला.

महोदय,
यावेळी आकडे जोडलेले नाहीत.
बेंगळुरूत पगार किती, पुण्यात जागा किती,
ते दोनदा दिलं होतं.
यावेळी वडगावची गंगव्वा जोडते आहे.

बत्तीस वर्षं मागावर.
धागा तुटला तर आवाजावरून सांगते, कुठला.
विणकरांच्या योजनेचा फॉर्म भरायला
माझ्या भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात आली,
पाऊण तास भरत होती,
आणि शेवटी दोन बटणं आली, शेजारी शेजारी,
एका मापाची, एकाच निळ्या रंगाची.
एक पाठवणारं, एक पुसणारं.
तिनं पुसणारं दाबलं.
"नंदे तप्पु री," म्हणाली. माझंच चुकलं.

हे वाक्य मी दोन्ही भाषांत ऐकलंय.
माझा अर्ज या वाक्याविरुद्ध आहे.

उद्यमबागेत इराप्पा प्रेस चालवायचा.
थांबवायचं बटण उजवीकडे, इराप्पा डावरा.
मशीन बनवताना कुणी विचारलं नव्हतं,
लहानपणी चिंचा कुठल्या हातानं पाडायचास?
आता तो गेटवर बसतो.
रजिस्टरमध्ये सही उजव्या हातानं करतो,
वेळ लागतो.

आणि खानापूरहून येणारी कंग्राळकरांची वैष्णवी
बसपासावर मधेच कापलेली असते,
कारण रकान्यात अक्षरं मावतात अठरा.
भाषेचं भांडण मी इथे आणत नाही, महोदय,
ते जुनं आहे, त्याला कोर्ट आहे.
मी फक्त रकान्याबद्दल बोलते आहे.

तिसऱ्या अर्जावर बैठकीत मला सात मिनिटं मिळाली होती.
आपण तेव्हा फोनवर होतात.
कुणी म्हणालं, हे म्हणजे रंगरंगोटी ना?
कुणी म्हणालं, लॅब लागेल का, मग नको.
एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले,
मशीन शिकवा. माणसं आपोआप शिकतात.
नाही शिकली, तर मॅन्युअल असतंच.
मग कुणाच्या तरी बढतीचा कुंदा आला,
आणि ठराव झाला : पुढच्या बैठकीत विचार व्हावा.

जिन्यात त्याच ज्येष्ठ सदस्यांनी हाक मारली.
(नाव सांगू नका म्हणालेत, सांगत नाही.)
फोन पुढे केला.
वडिलांचा हयातीचा दाखला, पेन्शनसाठी.
कॅमेरा म्हणतो, दोन्ही डोळे मिचकवा.
अप्पांना अर्धांग. एकच मिटतो.
"तीन दिवस झाले," सर म्हणाले,
"यांच्या हिशेबी अप्पा हयात नाहीत."

फोन माझ्या हातात देऊ लागले. मी घेतला नाही.
म्हटलं, तुम्हीच दाबा सर, मी बघते.
पायरीवर बसलो, शिपाई बाजूनं बादली घेऊन गेला.
सरांचा अंगठा तीनदा थांबला.
एकदा तर हवेतच,
भिंतीवर चढावं की नाही अशा पालीसारखा.
मी वही काढली.
काय लिहिताय?
कुठे थांबलात ते.
एवढंच?
पहिल्या सत्रात एवढंच, सर.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, आणि दुसऱ्या सत्रात?

म्हणून हा चौथा अर्ज.
सोबत : वहीचं ते पान.
प्रयोगशाळा नको, वडगाव आहे, बसस्टँड आहे,
खुर्च्या दोन लागतील,
एक दाबणाऱ्याला, एक गप्प बसणाऱ्याला.
गप्प बसायला शिकवणं अवघड आहे,
त्याचेच चार श्रेयांक मागते आहे.

आपली विश्वासू,
सुनेत्रा सांबरेकर, अतिथी व्याख्याती.
(मानधन दोन महिने पोर्टलवर अडकलं आहे,
तो या अर्जाचा विषय नाही.)

ता. क. : अप्पा अजूनही हयात नाहीत.
काल दुपारी दीड भाकरी खाल्ली,
वर ताक मागितलं.