एकसष्टावं पान

पुस्तकाचं नाव सांगत नाही.
संग्राहकाला एवढी हाव माफ असावी.

आधी हाती लागली ती दुसरी आवृत्ती.
बडोद्याच्या शुक्रवारच्या बाजारात,
कुठल्याशा दिवाणांच्या रद्दीतून आलेली,
शिलाई मशीनच्या पायाखाली टेकण म्हणून.
चार रुपये.
पानं जोडलेलीच होती अजून,
म्हणजे साठ वर्षं या गावात राहून
कुणी तिला वाचलंच नव्हतं.
कांदा चिरायच्या सुरीनं मी ती रात्रभर सोडवत बसलो,
संध्याकाळच्या वर्गातलं दोन वर्षांचं फ्रेंच
आणि मांडीवर कोश.

गोष्ट साधी. एक तारमास्तर, आणि त्याची ती.
पण ती वल्हं मारायची, शीळ घालायची,
आणि थंडीत तिचा गाल
त्याच्या गालाला खरखरीत लागायचा.
मी उठलो. दाराची कडी लावली. पुन्हा वाचलं.

फ्रेंचमध्ये बाईला शेवटी एक अक्षर जादा लागतं.
लिहायचं, उच्चारायचं नाही.
कुणा वकिलाच्या सल्ल्यानं
पानोपानी ती मुकी अक्षरं पेरली होती,
लग्नघरात सुपाऱ्या वाटाव्यात तशी.

पुढे पॅरिसच्या एका विक्रेत्याची सूची आली:
पहिली आवृत्ती, दोनशेदहा प्रती,
पान एकसष्ट, ओळ नववी, एक अक्षर गळालेलं.
मुद्रणदोष.
त्या दोषापायी किंमत सहापट.

जयमन म्हणाला, "अक्षर ओछो, ने भाव वधारे?"
आणि दुसऱ्या दिवशी लॅम्ब्रेटा विकून आला.

टपाल कचेरीत कस्टमवाल्यानं विचारलं, आत काय?
व्याकरण, म्हटलं.
खोटं नव्हतं ते.

नवव्या ओळीवर बोट ठेवून बसलो दोघं.
तिथे एकदाच, साऱ्या पुस्तकात एकदाच,
तो तो होता.
खिळे जुळवणाऱ्याला झोप आली असेल.
किंवा आली नसेल.

माझीही दुसरी आवृत्ती निघतच होती तेव्हा,
देवासला, शरयूताईच्या पत्त्यावर:
आहे एक, सुरतेची.
कारखान्यात नोकरी करते. चहा फार गोड पिते.
एकेका क्रियापदाचा कान पिळून लिहायचो.
ताईनं खण पाठवला, डाळिंबी, "तिच्यासाठी."
मग दर दिवाळीला विचारलं, मग दर दोन दिवाळ्यांना,
मग विचारलं नाही.

सोसायटीच्या रजिस्टरात अजून तसंच आहे:
जयमन रतिलाल, पेइंग गेस्ट, एकोणीसशे त्र्याऐंशीपासून.
भाड्याचा रकाना कोरा.
कपाटात आता चौतीस पुस्तकं,
काहींना वाळवी, एकाला उंदीर,
दोन चक्क खोटी निघाली.
एकशे तेहतीस क्रमांकाची ती प्रत
डाळिंबी खणात गुंडाळलेली.
त्याच्याइतकं मऊ कापड घरात दुसरं नव्हतं.

फ्रेंचकडे लिंगं दोनच.
आपल्याकडे तिसरं आहे, ज्याच्या नुसत्या नावानं
आमचा सहावीचा वर्ग खिदळायचा,
आणि कुणीतरी हटकून माझ्याकडे बघायचं.
त्याचा काही उपयोग असेल
असं मला कधी वाटलं नाही.

काल ताईचा फोन. चौऱ्याऐंशीची आहे.
कवळी, विजेचं बिल, शेजारच्यांचं कुत्रं,
सगळं सांगून झालं. फोन ठेवणार,
तेवढ्यात थांबली.
"आणि तुझं माणूस रे? बरं आहे ना?
जेवलं का?"

आतल्या खोलीतून घोरणं ऐकू येत होतं,
पंख्याच्या वर.

जेवलं, म्हटलं.
आत्ताच झोपलंय.