साबण

उद्यमनगरात पोतं अंथरून
दस्तगीर मिस्त्री शक्तिमानखाली सरकला.
नट सुटेना. रॉकेल पाजलं, शिवी दिली, थांबला.
मग नळीच मोडली, वाळक्या काडीसारखी,
आणि कोपरापर्यंत तांबडं डिझेल.

"लिलावात रंग बघून गाडी घेतासा,
पाईप कोण बघतंय?"

चासीच्या कडेला, क्लिपाखाली, एका चिरेत
साबण भरलेला. दगड झालेला.
त्यावर अंगठा उमटलेला,
बारीक, पोरसवदा.
कुठल्या घाटात दाबला असंल,
मागं सगळी रांग खोळंबलेली.

मिस्त्री गप्प.
तांब्याची नवी नळी गुडघ्यावर वाकवली,
तोंडानं डिझेल ओढलं, थुंकला.
तिसऱ्या सेल्फला इंजिन बोललं.

साबणाचा खडा वरच्या खिशात.
हात त्यानं भुशानंच पुसले.