उघाडीची गाठ

करारात सगळं मोजून लिहिलंय.
विहीर एक, दगडी, काठावर १८७१ कोरलेलं.
शेजारी क्रूस, एक हात तुटका.
खाजणाचा बांध, चारशे सहा मीटर.
रायवळ आंबे सात.
(मी आठ म्हणालो होतो.
आठव्यापुढे त्यांनी 'मृत' लिहिलं.)
राता भाताचं बियाणं, दोन कणगे.
आणि तळाला एक ओळ:
सर्व आहे तसे जतन करावे.

मी, बस्त्याव किणी, राहणार गोराई,
सही केली. ट्रस्टच्या बाईंनी पेढे आणले होते.
खाडीपलीकडे बोरिवलीचे टॉवर
उन्हात उभे होते, एकामागे एक,
रेशनच्या रांगेतल्यासारखे.

बिल्डर किती देत होता
ते मी कुणाला सांगत नाही.
भाचा विचारतो, दर रविवारी, मिस्सा सुटली की.

नवे शेतकरी दोघं.
निनाद रेगे, बँक सोडून आलेला,
टोपी नवी, फावडं नवं, कंबर तेवढी जुनी.
आणि सोनकी तुंबडा, वरच्या पाड्यातली.
फॉर्मात रकाना होता, 'शेतीचा अनुभव'.
निनादनं अर्धं पान भरलं.
सोनकीनं विचारलं,
"नावावर जमीन कधी नव्हती, तर काय लिहू?"
बाई म्हणाल्या, "मग 'नाही' लिहा."
तिनं लिहिलं.
मी समोरच होतो. पेढा तोंडात होता.

तिची आय, बायजी, ह्याच खाजणात
छत्तीस लावण्या वाकली.
सातबाऱ्यावर वाकणाऱ्यांना रकाना नसतो.

मग मी शिकवायला लागलो.
अवसेला पाणी कुठवर चढतं,
उघाडीची फळी केव्हा टाकायची, केव्हा उचलायची,
चिंबोरीचं बीळ पायाला कसं आधी कळतं.
निनाद फोनमध्ये टिपून घ्यायचा.
सोनकी ऐकायची. मी कुठे चुकलो
की नुसती बांधाकडे बघायची.

तिसऱ्या आठवड्यात म्हणाली,
"काका, बांध आत घ्यावा लागंल. वीस पावलं.
शेवटचं शेत दर्याला सोडायचं."

मी करार काढला. 'आहे तसे'वर बोट ठेवलं.
माझ्या आज्यानं घातलेला बांध, म्हणालो.
"घातला कुणी, ते ऱ्हाऊ दे,"
एवढंच बोलली, आणि कोयती घेऊन गेली.

जेठाच्या पुनवेला, रात्री, बॅटरी घेऊन
मी एकटाच गेलो.
शेवटच्या शेतात पाणी होतं,
घरच्यासारखं बसलेलं.
बोट बुडवून चाखलं. खारट.
जुन्या धसकटांमधून बोटाएवढे मासे
इकडून तिकडे चालले होते,
माझ्या उजेडाला न घाबरता.

तेव्हा आठवलं,
बापसानंही एकदा बांध आत घेतला होता.
मी शाळेत होतो, चिखल वाहायला सुट्टी काढली होती.
त्या जुन्या रेघेवर आता तिवरं आहेत,
आणि मी ती रेघ विसरलो होतो.

ट्रस्टला पत्र टाकलं:
बांध आता तीनशे ऐंशी मीटर आहे,
कृपया कागद दुरुस्त करावा.
उत्तर अजून आलेलं नाही.

भात झालं. आगेऱ्याला देवळात कणसं न्यायची,
पहिली पेंढी आमच्या घराची, हा मान.
सोनकी म्हणाली, "आधी कणसरीला."
दारावर तिनं आपली कणसं बांधली,
मग एक पेंढी मला दिली, मोजून नाही, मूठभर.
फादरनी पाणी शिंपडलं.
कुणी विचारलं नाही, पहिली की दुसरी.

एक गोष्ट मी कधी सांगितली नव्हती.
फळीच्या दोराला बापूस एक गाठ मारायचा,
डाव्या हाताची, एका ओढीत सुटणारी.
किणींची गाठ, म्हणायचो आम्ही.
मला ती जमली नाही कधी.
साठ वर्षं मी साधीच मारत आलो,
आणि कुणी बघत नाही ना, ते बघत.

काल पहाटे, सवयीनं, भरतीच्या आधी गेलो.
फळी टाकलेली होती.
दोरावर दव, आणि गाठ. डावी.
निनाद अजून झोपलेला असतो ह्या वेळेला.

बापसाला ती कुणी शिकवली
हे मी कधी विचारलंच नव्हतं.