वाटीतला संध्यामठ

आबा सात मिनिटांत जेवतात.
मी मोजलंय, भिंतीवरच्या घड्याळावर,
भाकरीचा पहिला तुकडा मोडल्यापासून
ताटात हात धुण्यापर्यंत.

शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं
जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची.
त्यातली आठ नळावरच्या रांगेत,
चार हाताची काजळी निघेपर्यंत,
एक भोंग्याच्या धास्तीची.
उरली ती सात.
नोकरी सुटून पाच वर्षं झाली,
भोंगा आबांच्या घशात अजून वाजतो.

मी बापट कॅम्पात भांडी घडवते.
आजूबाजूला सगळे गणपतीच्या घाईत,
माझ्या चाकावर मात्र वाट्या.

आधी जड वाटी केली,
उचलताना मनगटाला कळावी अशी.
आबांनी ती उचललीच नाही,
भाकरी बुडवून मोकळे.
मग गोल बुडाची, खाली टेकवली की लवंडणारी,
म्हणजे डावा हात तिच्यातच गुंतून राहील.
आबांनी तिला तांब्याचा टेकू दिला,
साच्याला वीट लावावी तसा, सवयीनं.
मग अरुंद तोंडाची.
ती त्यांनी भातावर सरळ पालथी केली.
"ह्यात हात जात न्हाई. दुसरी दे."

मेसवाल्या इंदूअक्का चौगुले म्हणाल्या,
"पोरी, माझ्याकडं एक पंगत उठायच्या आत
दुसरी दारात उभी असती.
तू मला भराभर जेवायची वाटी करून दे,
शंभर घेते."
खोटं कशाला सांगू,
दोन दिवस मी तसाही विचार केला.

ही वाटी मी ठरवून केली नाही.
अंगठा मधेच उचलला गेला, कुणीतरी हाक मारली होती,
आणि तळाशी मधोमध
बोटाच्या पेराएवढं टेकाड राहिलं.
मोडणार होते.
राहून गेलं, आणि भट्टीतून तसंच भाजून आलं.

रविवारी तीच हाताशी होती.
तांबडा रस्सा काठोकाठ, वर कट तरंगणारा.
आबा नेहमीसारखे सुटले,
भाकरी, रस्सा, भाकरी, कांदा, रस्सा.
चौथ्या मिनिटाला रस्सा उतरला
आणि लालातून काहीतरी वर आलं.

हात थांबला.
"हे काय गं?"
मी काही बोलले नाही.
त्यांनी वाटी तिरकी केली, ते बुडालं.
सरळ केली, ते परत वर आलं.
पुन्हा तिरकी.
पुन्हा सरळ.

"संध्यामठ," आबा म्हणाले.
"रंकाळ्याचं पाणी हटलं की असाच निघायचा,
आधी माथा, मग खांब.
मी आणि परटाचा दत्तू, पोहत जायचो तिथवर.
घरात ठावं नसायचं."
"आणि वर चढून काय करायचा?"
"काय न्हाई."
बराच वेळ गेला.
"बसायचं नुसतं."

भाकरीचा तुकडा त्यांच्या बोटांत तसाच.
रश्श्याच्या कडेला चरबी थिजायला लागलेली.
मी घड्याळाकडं बघितलं, अकरा मिनिटं,
आणि मला माझीच लाज वाटली.

म्हणजे सगळं बदललं, असं नाही.
सोमवारी आबा पुन्हा सात मिनिटांत उठले,
मठाला वळसा घालून.
बुधवारी आठ. गुरुवारी मी मोजलं नाही.

पण हल्ली आपली वाटी ते स्वतःच विसळतात.
नळाखाली धरतात, टेकाड बुडेपर्यंत भरतात,
आणि मग ओततात,
इतकं हळू
की मोरीत आवाजसुद्धा होत नाही.

इंदूअक्कांना मी अजून काही कळवलेलं नाही.